तळ्याकाठचं संशयास्पद प्रकरण

१० नोव्हेंबर, संध्याकाळ

उद्या निघायचं. गायडेड कल्चरल टूर. बौद्ध मंदिरं, मठ आणि शेवटी 'तळ्याकाठच्या गावातलं पारंपरिक जीवन'. ब्रोशरमधले हे शब्द वाचले आणि कान टवकारले. जीवन पारंपरिक असेल, तर ते आमच्या बसच्या टायमिंगला कसं काय हजर राहणार?

बुकिंग लेकीने परस्पर केलं. म्हणाली, बाबा, रिटायर होऊन घरातच बसलात, आईला कुठेतरी घेऊन जा. मी विचारलं, आमच्या मागे घरात तुझा काय बेत आहे? ती म्हणाली, झाडांना पाणी घालणं. एवढं सरळ उत्तर कोणी देतं का? जुन्या फायलींच्या कपाटाला कुलूप लावलं, कुलपावर सेलोटेप लावली आणि सेलोटेपवर सही केली.

मी विमा कंपनीत क्लेम तपासायचो. जळलेलं गोदाम नुसतं हुंगून सांगत असे, रॉकेल कुठल्या कोपऱ्यात ओतलं ते. माणसंही हुंगता येतात. टूरपुरता संकल्प असा: कशावरही सही करायची नाही, फुकट काही घ्यायचं नाही आणि हिच्यावर नजर ठेवायची. आमची ही फार भोळी. कोणीही गोड बोललं की गळाला लागेल.

११ नोव्हेंबर, बसमध्ये

गाईड पाहिला. तिशीचा, कोरलेली दाढी, सदा हसरा. नाव सांगितलं, पण ते खरं कशावरून? इथे त्याला गोडबोल्या म्हणणार. मला 'सर' म्हणतो आणि हिला 'मावशी'. म्हणजे ही नात्यातली आणि मी ऑफिसातला. फूट पाडायला सुरुवात झाली.

पुढच्या सीटवर एक दातांचे डॉक्टर सहकुटुंब. मागे एक रिटायर्ड मुख्याध्यापिका, एकट्याच. बाकीची मंडळी झोपली आहेत, ती निरुपद्रवी.

रस्त्यात हिने विचारलं, डोंगर किती निळा दिसतोय, पाहिलात का? मी गोडबोल्याच्या मानेकडे बघत होतो. हो म्हटलं.

१२ नोव्हेंबर, दुपारी

पहिलं मंदिर. टेकडीवर, पायऱ्या भरपूर. गोडबोल्या म्हणाला, हे लाकडी खांब फार जुने आहेत. फार म्हणजे किती, असं मी विचारलं. तो म्हणाला, सर, नक्की सांगता येत नाही, लिखित पुरावा नाही. पुरावा नाही! स्वतःच्या तोंडाने!

सगळे आत मूर्तीसमोर बसले तेव्हा मी मागे राहिलो आणि एका खांबावर नखाने खरवडलं. ओला रंग निघाला. लाल. मी ओरडलो, सापडलं!

आत सगळे डोळे मिटून बसले होते. त्यांनी ते उघडले.

एक भिक्षू बाहेर आला. त्याने खांबाकडे पाहिलं, माझ्या बोटाकडे पाहिलं आणि बाजूला टांगलेल्या पाटीकडे हात केला. पाटीवर लिहिलं होतं, की रंगकाम चालू आहे, टेकू नये. अशी पाटी ऐनवेळी कोणीही टांगू शकतं. शिवाय इतकी ठळक पाटी माझ्या नजरेतून सुटेलच कशी?

हिने भिक्षूची माफी मागितली. माझ्या वतीने. मला न विचारता. मग ओल्या रुमालाने माझं बोट पुसलं. शर्टाच्या पाठीवरचा रंग मात्र निघाला नाही. टेकलो कधी, आठवत नाही. डॉक्टर म्हणाले, टर्पेंटाइनने जाईल. त्यांना टर्पेंटाइनची इतकी माहिती कशी?

१३ नोव्हेंबर

दुसरं मंदिर. मोठी घंटा. हिने ती वाजवली आणि आवाज विरेपर्यंत तिथेच उभी राहिली. सगळे खाली उतरले तरी ही तिथेच. मी हाक मारली. ऐकू आलं नाही म्हणाली. कानांची तपासणी करून घ्यायला हवी.

आज कुठलंही बिंग फुटलं नाही. म्हणजे टोळी सावध झाली आहे.

१४ नोव्हेंबर, तळ्याकाठी

गाव गाठलं. लाकडी घरं, निम्मी पाण्यावर खांबांवर उभी. आमचा मुक्काम एका विणकर बाईच्या घरी. हिच्याच वयाची, नवरा नाही, मुलं लांब. तळ्यातले लव्हाळे कापून, वाळवून चटया विणते. आम्ही पोचलो तेव्हा हातमागावर बसलेली होती. अगदी ब्रोशरमधल्यासारखी. संशय पक्का.

बाईने चहा दिला. पैसे घ्यायचं नाव नाही. मी कप खाली ठेवला. संकल्प म्हणजे संकल्प. संध्याकाळपर्यंत डोकं इतकं ठणकलं, की हिच्या कपातला प्यालो. तो हिला दिलेला होता, मला नव्हे. नियम मोडला नाही.

बाकीचे होडीतून फिरायला गेल्यावर मी घराच्या मागची बाजू तपासली. कारखान्यात बनलेल्या चटयांचे गठ्ठे सापडणार, ही खात्री होती. सापडलं ते असं: वाळत घातलेले लव्हाळे, एक बदक, बाईच्या चपला. बदक मागे लागलं. माल दुसरीकडे हलवला असणार.

परत आलो तर ही हातमागावर बसलेली. बाई शेजारी बसून दाखवत होती. हिची बोटं झरझर चालत होती. बाई म्हणाली, यांना शिकवावं लागत नाही. लग्नाआधी ही काहीतरी विणायची असं ऐकून आहे. काय ते विचारायचं राहिलं.

ताईत, माळा, मूर्ती असलं काही विकायला कोणी आलं नाही. मोठा मासा धरायचा असला की लहान गळ टाकत नाहीत.

१५ नोव्हेंबर, सकाळ

भयंकर. पहाटे जाग आली तर ही जागेवर नाही. खिडकीतून पाहिलं. धक्क्यावर ही आणि गोडबोल्या. हळू आवाजात बोलणं. तो मान हलवत होता, नाही नाही म्हणत होता. ही आग्रह करत होती. हिला मी इतक्या वर्षांत कशाचा आग्रह करताना पाहिलेलं नाही.

अर्थ उघड आहे. गळाला लागलेलं माणूस असंच करतं. आधी नाही म्हणून झुलवतात, मग माणूस स्वतःच मागे धावतं. जुनी पद्धत. शंभर फायली दाखवीन.

आज दोघांवर पाळत.

तोच दिवस, दुपारी

पाळत यशस्वी. किरकोळ अडचण आली.

ही आणि विणकर बाई होडीने लव्हाळे कापायला गेल्या. मी काठाकाठाने, वाकून, झुडपांच्या आडोशाने. एका ठिकाणी काठ संपला आणि ते मला कळलं नाही. गुडघ्याच्या वर चिखल. ओरडणार नव्हतो, पण ओरडलो. होडी वळली. दोघींनी एकेक हात धरून ओढलं. एक चप्पल चिखलातच राहिली. धक्क्यावर सगळं गाव गोळा झालं. मी सांगितलं, काठाची पाहणी करत होतो. मुख्याध्यापिका म्हणाल्या, काठाची की काठावरच्यांची? या बाईंचाही काहीतरी संबंध आहे.

हिने माझे पाय धुतले. काही बोलली नाही. काहीच न बोलणं हे सगळ्यात मोठं लक्षण.

१६ नोव्हेंबर

हिने सांगितलं.

मी उरलेली चप्पल पुसत होतो. ही समोर येऊन बसली आणि म्हणाली, मी इथे राहणार आहे. लव्हाळ्याचा हंगाम संपेपर्यंत, महिना-दीड महिना. बाईंना हाताशी माणूस हवंय आणि मला शिकायचंय. तुम्ही सगळ्यांबरोबर परत जा. लेकीला मी फोन केलाय, ती खूश आहे.

मी शांतपणे विचारलं, कोणाच्या सांगण्यावरून?

ती म्हणाली, कोणाच्या नाही.

मी म्हटलं, नाव सांग, मी बाकीचं बघतो.

ती उठून गेली.

हिला स्वतःहून असं सुचणं शक्य नाही. हॉटेलात काय मागवायचं हेसुद्धा मी ठरवतो. एवढा मोठा निर्णय हिच्या डोक्यात कोणीतरी घातला आहे, आणि तो कोण हे सांगायला तपासनीस लागत नाही. लेकही फितूर. झाडांना पाणी!

योजना: उद्या पुरावा गोळा करायचा. परवा निरोपाच्या जेवणात सगळ्यांसमोर गोडबोल्याचा बुरखा फाडायचा. ही रडेल. मी माफ करीन. मग डोंगर वगैरे बघू.

१७ नोव्हेंबर

तळ्याच्या पलीकडे मठ. ही आली नाही, विणत बसली. मी वृद्ध भिक्षूला बाजूला घेऊन साक्षीदार म्हणून प्रश्न केला. भोळ्या बायकांना नादी लावून इथे ठेवून घेण्याचे प्रकार होतात का? त्याने विचारलं, जेवलात का?

उत्तर टाळलं. साक्षीदार कुचकामी.

जेवण मात्र त्याने दिलं. घेतलं. हिच्याशिवाय जेवायला बसलो की मीठ कमी की जास्त ते कळत नाही, हे आज लक्षात आलं. नोंद केवळ नोंद म्हणून.

संध्याकाळी भाषण दोनदा म्हणून पाहिलं. बदकासमोर. उत्तम झालं.

१८ नोव्हेंबर, जेवणानंतर

झालं ते असं.

धक्क्यावर कंदील लावून पंगत मांडली होती. मी उभा राहिलो. म्हटलं, मंडळी, या टूरमध्ये एक कट शिजतो आहे. गोडबोल्याकडे बोट केलं. पहाटेच्या गाठीभेटी, दबक्या आवाजातलं बोलणं, माझ्या बायकोला इथे अडकवून ठेवण्याचा डाव, सगळं मांडलं. आवाज छान लागला होता. शेवटी विचारलं, तुमचं यात काय आहे?

गोडबोल्याचं हसू पहिल्यांदाच गेलं. म्हणाला, सर, माझं यात नुकसानच आहे. गट सोडून कोणी राहिलं तर कंपनी मला धारेवर धरते. मी मावशींना तीन दिवस नाही म्हणत होतो. रोज पहाटे त्याच मला समजावत होत्या. शेवटी मी हरलो.

मी विणकर बाईकडे वळलो. म्हटलं, आणि तुम्ही किती घेणार आहात? बाई गोंधळली. म्हणाली, कशाचे? घरात माणूस येतंय माझ्या.

डॉक्टर खोकले. कोणी जेवत नव्हतं. मी पुढचा मुद्दा शोधत होतो. भाषणात पुढे हिचं रडणं होतं.

तेव्हा ही बोलली. बसल्या जागेवरून, हळूच, पण सगळ्यांना ऐकू गेलं. म्हणाली, आयुष्यभर तुम्ही लोकांचे क्लेम तपासलेत. मी कधी केला नाही. हा माझा पहिला. मंजूर करू नका हवं तर. पण तपासू नका.

मी बसलो. तयारीत नसलेला मुद्दा होता.

मग कोणीतरी भात वाढला. मुख्याध्यापिका हिच्या शेजारी जाऊन बसल्या. गोडबोल्या माझ्याकडे आला आणि पाण्याचा ग्लास ठेवून गेला. मी तो हुंगला नाही. प्यालो.

१९ नोव्हेंबर, बस

सकाळी ही सोडायला आली. माझी गोळ्यांची पिशवी दिली, कुठली कधी घ्यायची ते सांगितलं. बोटांना लव्हाळ्याचे ओरखडे होते. मी म्हटलं, मलम लाव. म्हणाली, लावते.

माझी खात्री होती की शेवटच्या क्षणी चढेल. सीट राखून ठेवली होती. ड्रायव्हरला सांगितलं, जरा थांबा, इंजिनाचा आवाज बरोबर वाटत नाही. त्याने उतरून पाहिलं. बरोबर होता. पुन्हा सांगितलं. मग तो थांबला नाही.

वळणावर मागे पाहिलं. ही उभी असणार, हात हलवत असणार. नव्हती. दोघी पाठमोऱ्या, बोलत बोलत घराकडे चालल्या होत्या.

मुख्याध्यापिकांनी विचारलं, इथे बॅग ठेवू का? ठेवा म्हटलं.

२४ नोव्हेंबर, घरी

झाडं टवटवीत आहेत. लेक खरोखरच पाणी घालत होती.

संध्याकाळी फोन केला. गावात रेंज मिळायला हिला धक्क्याच्या टोकाला यावं लागतं, म्हणून पहिल्यांदा लागला नाही. मग लागला. मी विचारलं, जेवण बरं मिळतं का, झोप लागते का, कोणी त्रास देत नाही ना. सगळ्याला बरं म्हणाली. मी सांगितलं की आज पोळ्या केल्या. कशा झाल्या विचारलं. मी वर्णन केलं. एक तव्यालाच चिकटली आहे, अजून तिथेच आहे, हेही सांगितलं.

पलीकडे कोणीतरी मोठ्याने हसलं. एखाद्या बाईचं हसणं, खळखळून, थांबतच नव्हतं. मी सावध झालो. विचारलं, कोण आहे तिथे? आपलं बोलणं कोण ऐकतंय?

म्हणाली, कोणी नाही हो. मीच हसतेय.

मी आवाज ओळखला नव्हता.