मधल्या पाटावरचा उंदीर

पेण, १२ जून २०२५

ती. वैशाली मावशीस,
किमयाचा सा. न. वि. वि.

मी रोह्याला आले तर आमच्या घरात कोण कोणाशी बोलेल? बी.ए.ला मानसशास्त्र घेऊनही मला याचं उत्तर येत नाही. फोनवर विचारलं असतं, पण इथे फोन वाजला की चौघं कान लावतात.

तुला ठाऊकच आहे, प्रविणदादा आणि धाकटा निकेश दोन वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. भांडण एका गणपतीच्या पितांबरावरून झालं. दादाला तो पिवळा हवा होता, निकेशला केशरी. गिऱ्हाईक शेवटी निळा करून घेऊन गेलं. तेव्हापासून आपल्या मूर्तींच्या कारखान्यात दादा रंगांपाशी उजवीकडे, निकेश साच्यांपाशी डावीकडे आणि मधल्या पाटावर पॉलिश पेपर घेऊन मी. दादा मला म्हणतो, त्याला सांग सोंड तडकली. निकेश चार हातांवर असतो, त्याला ते ऐकू येतं, पण मी पुन्हा सांगेपर्यंत हलत नाही. परवा निकेशच्या पाठीवर विंचू चढत होता. दादाने तेही मलाच सांगितलं, आणि मीही सवयीने ‘दादा म्हणतोय की’ इथूनच सुरुवात केली.

रोह्याच्या वाचनालयात मला एक जुलैला रुजू व्हायचंय. नाही गेले तर जागा दुसऱ्याला. खाडीकाठच्या प्रत्येक मुलीचं तिच्या स्वतःच्या नावाचं कार्ड काढायचं, असं मी ठरवलंय. आई म्हणते, गणपती होईपर्यंत थांब, तू गेलीस तर कारखाना मुका होईल.

काय करू ते लिही. लोभ आहे तसाच राहू दे.
तुझी किमया

रोहा, १७ जून

चि. किमयास मावशीचे आशीर्वाद.

अगो, मी पण मधलीच. माझ्या लग्नात तुझी आई नि नाथामामा बोलत नव्हते, म्हणून फोटोत मला दोघांच्या मधी उभी केली. तुझे काका, म्हणजे नवरदेव, कडेला. तो फोटो अजून भिंतीवर हाय. नवा पाव्हणा येतो तो नाथालाच माझा नवरा समजतो. काकांनी आता सांगायचं सोडलंय.

मला वाटायचं, मी गेल्यावर हे दोघं एकमेकांची डोकी फोडतील. मी नांदायला आले नि दुसऱ्याच दिवशी दोघं मिळून म्हैस विकून आले. मला कोणी कळवलं पण नाय. मी आठ दिवस रडले.

तू दोन दिवस आजारी पड नि बघ. ताप सांग, पोटदुखी नको, तुझी आई काढा पाजते.

तब्येतीला जप, म्हणजे खोटी खोटी.
मावशी

पेण, २४ जून

ती. मावशीस सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तशी ताप सांगून कारखान्यालगतच्या खोलीत आडवी झाले, दारातून सगळं दिसतं. आईने मोठ्या गणपतीच्या पायाशी ठेवायचा, न रंगवलेला उंदीर माझ्या पाटावर वाळत ठेवला होता. तासभर दोघं आपापलं काम करत राहिले. मग दादा उंदराला म्हणाला, त्याला सांग माती घट्ट झालीय. निकेशने जरा वाट पाहिली आणि उंदरालाच सांगितलं की पाणी त्या शहाण्यानेच कमी ओतलं. तेव्हापासून काम सुरळीत आहे. बाबांनी बसायला म्हणून उंदीर उचलला तर दोघं गप्प झाले. बाबांनी माफी मागून तो परत ठेवला.

आधी हसले, मग फार वाईट वाटलं. तीन वर्षं कॉलेज केलं आणि माझी जागा उंदराने घेतली. पण आडवी पडून ऐकताना एक कळलं. दादा माझ्या कानाशी गाढव म्हणायचा तिथे मी निकेश म्हणायचे. निकेश तोंडातल्या तोंडात शिवी द्यायचा, मी ‘बरं म्हणतोय’ असं सांगायचे. उंदीर काही बदलत नाही. त्यामुळे दोघं आता उंदरावरून जोरजोरात भांडतात. काल साच्याच्या बाबतीत दादाची चूक निघाली आणि त्याने ती उंदराकडे बघून कबूल केली. दोन वर्षं मीच त्यांना नीट भांडू दिलं नाही. मी स्वतः तर कधी भांडलेच नाही, मला बाजूच नव्हती.

आई म्हणते, घरात आवाज फार वाढलाय, ताप उतरला की पाटावर बस. बसले तर पहिली तारीख गेली.

आठवण असू दे.
किमया

रोहा, १ जुलै

ती. आई-बाबांस सा. न., प्रविणदादास नमस्कार, चि. निकेशला आशीर्वाद.

हे पत्र आईने मोठ्याने वाचावं. कोणी ‘त्याला सांग’ म्हणालं तर कोणी कोणाला काही सांगू नये.

दादा, निकेश, तुमचे निम्मे शब्द मी गाळले. त्यामुळे समोरचा इतकं गोड बोलतो तरी तोंड का फिरवतो, हे तुम्हा दोघांनाही कळेना. ती चूक माझी.

आई, काल तू पाट पुसून ठेवलास ते मी पाहिलं. मी पहाटे निघाले. वाटेत कासू स्टेशनात गाडी थांबली तेव्हा उतरून परत यावंसं वाटलं. उतरले नाही. साडेदहाला वाचनालयाच्या हजेरीपटावर सही केली.

लोभ असावा. राग असेल तर तो ज्याचा त्याने मला वेगळा लिहावा.
किमया