सिग्नल पिवळा होता

३ मार्च, सकाळी ८.१५
समन्स आलं. घाबरलेलो नाही. सही चुकीच्या रकान्यात केली, पण बावीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवल्यावर कुणाचीही चुकेल.
हकीकत लिहून ठेवतो, कोर्टात उपयोगी पडेल. अठरा फेब्रुवारीला हॉस्पिटलजवळच्या चौकात माझ्या गाडीचा एका नर्सच्या सायकलला स्पर्श झाला. सिग्नल पिवळा होता. नर्सचा उजवा हात मोडला. आरोप: सिग्नल तोडणे, बेदरकारपणे गाडी चालवून इजा करणे. खाली 'कारावास' असा शब्द आहे. एकदाच आहे. तारीख सत्तावीस.
वकील करणार नाही. मी अख्ख्या गावाला नियम शिकवतो. मला कोण शिकवणार?

५ मार्च, सकाळी
बाथरूमच्या आरशासमोर भाषणाची तालीम. एकूण चाळीस मिनिटांचं होईल. 'न्यायाधीश महाराज' म्हणताना आवाज चिरकला. बायकोने बाहेरून विचारलं, बरं नाही का? गुळण्या करतोय म्हणालो.

६ मार्च
लायब्ररीतून कायद्याचं पुस्तक आणलं. अनुक्रमणिका पूर्ण समजली. मग कारावास किती काळाचा, ते ज्या पानावर आहे ते पान निघालं. पुस्तक मिटलं. जेवण गेलं नाही. ऊन फार आहे.

९ मार्च
बायको म्हणते, वकील करा. म्हटलं, विचार चालू आहे. मग विचारलंन, त्या नर्सला बघायला तरी गेलात का? कायद्याने तसं जाता येत नाही, म्हणालो. असं कुठे लिहिलंय ते सापडलेलं नाही, पण लिहिलेलं असणारच.
भाषण आता वीस मिनिटांवर आणलंय.

११ मार्च, दुपारी ४
शेवटी वकिलांकडे गेलो. केवळ सेकंड ओपिनियन म्हणून. शेजारी त्यांना 'वाघ' म्हणतात. ऑफिसातला सोफा इतका खोल की गुडघे छातीला लागले.
वाघांनी समन्स हातातही घेतलं नाही. गाडीत आणखी कोण होतं, एवढंच विचारलं. म्हटलं, माझी विद्यार्थिनी. त्रेसष्ट वर्षांच्या शिंपीणबाई, तीन महिने शिकताहेत. चौक कसा पार करायचा हे दाखवायला त्या दिवशी मी स्वतः स्टीअरिंगवर बसलो होतो.
वाघ म्हणाले, "तुम्ही नव्हताच बसलात. त्या बसल्या होत्या. पोलीस आले तेव्हा दोघंही गाडीबाहेर होतात ना? झालं तर मग. शिकाऊ माणसाची चूक होतेच."
काय डोकं आहे! घरी येताना शीळ घातली. फार दिवसांनी.

१२ मार्च
नीट विचार केला तर ते अगदीच खोटं नाही. गाडीत दोघंही होतो. गाडी शिकण्यासाठीच चालली होती.
शीळ आज जमली नाही.

१४ मार्च, संध्याकाळी ५.३०
शिंपीणबाईंच्या दुकानात गेलो. मशीन थांबवून त्यांनी खुर्ची पुसून दिली. तीनदा घसा खाकरून सगळं सांगितलं. त्यांच्या ओठांत टाचण्या होत्या. एकेक काढून डबीत ठेवल्या. मग म्हणाल्या, "सर, तुम्ही सांगताय म्हणजे बरोबरच असणार. म्हणेन मी तसं. पण मग मला लायसन्स मिळेल ना? नातीला शाळेतून आणायचं असतं हो."
मिळेल, म्हणालो.
मग म्हणाल्या, "आणि मी 'सर, लाल, लाल!' म्हणून ओरडले होते, ते सांगायचं की नाही?"
आधी नको म्हणालो. मग सांगा म्हणालो. मग, 'असं काही नाही, मी उगाच आलो, तुम्ही जे झालं तेच सांगा,' म्हणालो आणि निघालो. कोपऱ्यापर्यंत गेल्यावर कळलं, चपला उलट्या घातल्यात.
सिग्नल पिवळ्याच्या थोडा पुढे गेलेला असावा.

१५ मार्च
वाघांना फोन करून नको म्हणून सांगायचं होतं. फोन हातात घेतला, ठेवला. दोनदा.

१८ मार्च
कोर्टाच्या तळघरात मोफत कायदेशीर मदतीची खोली आहे. माझ्यासारख्यांसाठी नसते असं समजत होतो. गाडी पोलिसांकडे, स्कूल बंद, त्यामुळे नियमात बसलो. बसलो याचा आनंद झाला. जिना उतरेपर्यंत टिकला नाही.
वकीलबाई माझ्या मुलीएवढ्या. टेबलावर फायलींचा ढीग, तोंडात पेनाचं टोपण. पण समन्स पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणाऱ्या पहिल्याच. मीसुद्धा तेवढं वाचलेलं नाही.
विचारलं, सिग्नल कोणता होता? पिवळा, म्हणालो. त्यांनी टोपण तोंडातून काढून पेनाला लावलं. मग म्हणाल्या, "काका, कोर्टात काय बोलायचं ते मी बघते. पण मलाच खरं माहीत नसेल, तर तुमच्यासाठी काय करणार मी?"
लाल, म्हणालो.
नुकताच झाला होता? नाही, म्हणालो. बराच वेळ लाल होता. दिसला होता मला. शिंपीणबाई बाजूला बसून बघत होत्या, त्यांच्यासमोर ब्रेक दाबायची लाज वाटली.
यानंतर जरा रडलो. वकीलबाईंकडे रुमाल नव्हता. त्यांनी कुणाच्या तरी अर्जाची जास्तीची झेरॉक्स पुढे केली.
कबूल करा म्हणाल्या. कारावास कदाचित टळेल. कदाचित म्हणजे किती, विचारलं. म्हणाल्या, "कदाचित म्हणजे कदाचित, काका."

२६ मार्च, संध्याकाळी
बॅग भरली. दोन शर्ट, टूथब्रश, ब्लडप्रेशरच्या गोळ्या. बायको हसेल असं वाटलं होतं. ती आली आणि वर स्वेटर ठेवून गेली.
घाबरलोय. तीन तारखेपासून घाबरलोय.

२७ मार्च, दुपारी ३
बायकोला येऊ नको म्हटलं होतं. अकरा चाळीसला नाव पुकारलं. गुन्हा कबूल आहे का? वकीलबाईंनी कोपराने ढोसलं. 'हो' म्हणालो, ते इतकं हळू की कारकुनाने परत विचारलं. परत म्हणालो. भाषणातलं एवढंच वापरात आलं, आणि तेही भाषणात नव्हतं.
वकीलबाई तीन मिनिटं बोलल्या. मग न्यायाधीशांनी नर्सबाईंना विचारलं. हात प्लास्टरमध्ये. सहा आठवडे ड्यूटी नाही, वेणी शेजारीण घालून देते, म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मीही नाही.
कारावास नाही. दंड, त्यांचा औषधोपचार माझ्याकडे, आणि एक वर्ष लायसन्स रद्द. ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकाने वर्षभर गाडीला हात लावायचा नाही. आभार मानायला वळलो तर वकीलबाई पुढच्या माणसाला ढोसत होत्या.
बाहेर बसस्टॉपवर नर्सबाई उभ्या होत्या. मी आधी झाडामागे थांबलो. मग गेलो आणि माफी मागितली. म्हणाल्या, "इतके दिवस कुठे होतात?"
शेजारी उभा राहिलो. माझ्या नंबरच्या दोन बस न थांबता निघून गेल्या. भरलेल्या असतील, म्हणालो.
"रिकाम्या होत्या," त्या म्हणाल्या. "हात दाखवावा लागतो."
तिसरी आली, तेव्हा त्यांनीच डावा हात वर केला. बस थांबली. ती त्यांची बस नव्हती.