दोन ओळींचा कागद

अमायी, परवा इथे नॉटिंगहॅमच्या इस्पितळात नर्सने माझ्या जावयाला खोलीबाहेर काढलं आणि मला तुमची आठवण आली. मुलीला सातवा महिना आहे. जावई माझ्याशेजारी येऊन बसला, जरासा रुसलेला. म्हणाला, "बाबा, रूटीन आहे म्हणे. पाच मिनिटं तिच्याशी एकटीशी बोलायचंय. घरी सेफ वाटतं का, कोणी त्रास देतं का, असं विचारतात." मी म्हटलं, "मग, घाबरलास?" "मी कशाला घाबरू? भांडी मी घासतो, घरभर हूवर मी फिरवतो. त्रास मला आहे." आम्ही दोघंही हसलो. हसता हसता डोळ्यांपुढे मलावीतला, मी मास्तर होतो त्या गावातला, तुमचा दवाखाना उभा राहिला. तिथे नियम नेमका उलटा होता. पोटुशी बाई नवऱ्याला घेऊन आली तरच तिचं कार्ड निघायचं, कारण एचआयव्हीसाठी रक्त दोघांचं तपासायचं असे. नवरा नसेल तर गावच्या मुखियाचा, नाहीतर शाळामास्तरांचा कागद हवा. हिच्यासोबत माणूस नाही, हिला तपासावं. एवढंच. दोन ओळी.

तुमच्याकडे मोठ्या बाईला अमायी म्हणतात, म्हणजे आई; नर्स म्हणून तुम्हालाही सारं गाव तेच म्हणे. पण आईपण तुमच्या वागण्यात औषधालाही नव्हतं. कळा देणाऱ्या बाईच्या मांडीवर तुम्ही सटकन चापट मारायचात आणि विचारायचात, "तेव्हा ओरडली होतीस का?" बाळंतीण उठून बसली की तिच्याच हातून फरशी पुसून घ्यायचात. मला मात्र मलेरिया झाला तेव्हा तीन दुपारी माझ्या उशाशी बसून तुम्ही मक्याची पातळ पेज चमच्यानं भरवलीत. तापात मी शाळेतल्या मराठी कविता बडबडत होतो. तुम्ही विचारलंत, "ही तुमची प्रार्थना का, मास्तर?" "नाही, कविता." "पोट भरतं का हिनं?" असं म्हणून पुढचा चमचा तोंडात कोंबलात. पेजेला मीठ नव्हतं. ती चव अजून जिभेवर आहे.

कागदाविना राहिलेली ती मुलगी माझ्या वरच्या वर्गातली. इंग्रजी कविता तिच्यासारखी कोणी म्हणत नसे. ओळ संपली की क्षणभर थांबायची, जणू पुढच्या ओळीला वाट करून देतेय. मी ते थांबणं तिला शिकवलं नव्हतं. बाप दक्षिण आफ्रिकेत खाणीत गेला तो गेलाच. घरात आजी आणि ही. मका संपला की ती तळ्यावर मासे आणायला जायची, आणि तिथला मासेवाला ते कशाच्या बदल्यात देतो हे साऱ्या गावाला माहीत होतं. मलाही. पोट दिसू लागलं तसं शाळेच्या नियमाप्रमाणे तिचं नाव काढायचं ठरलं. हजेरीपटातून लाल शाईनं ते मीच खोडलं. मासेवाल्याचं नाव कुठल्याच पटावर नव्हतं.

मग ती दुपार. मी फळ्यावर कविता लिहितोय, शेवटचं कडवं राहिलंय. ती खिडकीबाहेर उभी आहे, कारण नाव काढलेल्या मुलींना आत यायची परवानगी नाही. म्हणते, "सर, अमायींनी दोनदा परत पाठवलं. कागद आण म्हणतात." मी म्हणतो, "मुखियाकडे जा." "ते कोंबडी मागतात. कोंबडी नाही, सर." खडू माझ्या हातातच आहे. बायको पुण्यात, मी इथे एकटा. माझ्या हातचा कागद दवाखान्यात पोचला की संध्याकाळपर्यंत नळावरच्या बायका पोर मास्तरचं ठरवतील, हे मला लख्ख दिसतं. मी म्हणतो, "उद्या ये." दुसऱ्या दिवशी ती आली. ती फाटकातून येताना दिसली तसा मी सामानाच्या खोलीत शिरलो आणि दार लावून उभा राहिलो. मोडक्या बाकांमधून मला तिची पावलं ऐकू येत होती. येणं, थांबणं, जाणं. तिसऱ्या दिवशी ती आली नाही.

ती आजीजवळ, घरीच बाळंत झाली. रक्त थांबेना म्हणून शेजाऱ्यानं सायकलच्या कॅरिअरला बांधून तिला आणली, आणि मागून आजी, पाठीला बाळ आणि डोक्यावर हिरवा टब घेऊन. दवाखान्याला लागतं ते सगळं त्यात नीट घडी घालून ठेवलं होतं. प्लॅस्टिकचा कागद, नवं ब्लेड, दोरा, मेणबत्ती. महिनाभर आधीपासून जमवलेलं असणार. बातमी ऐकून मी पोचलो तेव्हा तुम्ही कोपरापर्यंत रक्तात होतात. ती गेली, मागोमाग बाळही गेलं. हात धुताना माझ्याकडे न बघता तुम्ही विचारलंत, "मास्तर, कागदासाठी ती तुमच्याकडे आली होती?"

मी म्हटलं, "नाही."

"म्हणजे माझ्याच भीतीनं कुठे गेली नाही," असं म्हणालात आणि पुन्हा साबण लावलात. त्यानंतर तुम्ही कोणाकडे कागद मागितला नाहीत की कोणावर हात उचलला नाहीत. बायका मात्र तुम्हाला रस्त्यात पाहून पाठ फिरवत. तुमची बदली झाली. दोन वर्षांनी तिथल्या एका शिक्षकानं कळवलं की तुम्ही वारलात, आणि मातीला फारसं कोणी आलं नाही.

हे मराठीत लिहितोय. तुम्ही असतात तरी तुम्हाला वाचता आलं नसतं, हे लिहायला बसतानाच माझ्या मनात होतं. पाकीट आणलेलं नाही.

आणि परवाचं राहिलंच. त्या पाच मिनिटांत जावयानं विचारलं, "बाबा, तुमच्या त्या आफ्रिकेत कसं होतं?" मी त्याला गोष्ट सांगितली. मुलगी, हिरवा टब, आणि कागदासाठी तिला परत पाठवणारी दुष्ट नर्स. मास्तर त्यात नव्हता. तुमचा आवाज मी छान काढला, मांडीवरची चापटसुद्धा वाजवून दाखवली. तो म्हणाला, "काय बाई होती." मी मान डोलावली.