सगळ्यांना एकच वचन

१ जानेवारी १९९९, शुक्रवार

हसावं की रडावं! आज नववर्षाच्या उपासनेत जे झालं ते फक्त आमच्याच मंडळीत होऊ शकतं.

वर्षाच्या वचनांची कार्डं, प्रत्येकावर बायबलमधलं वेगळं वचन, मुंबईच्या छापखान्यातून येतात. पुडकं प्रार्थनेआधी फोडायचं नाही. आधी बघितलं तर ती माणसाची निवड झाली, देवाची नव्हे — चर्चचे पाळकसाहेब याबाबत फार कडक. तर आज पुडकं सगळ्यांसमोर फोडलं, कार्डं दानाच्या ताटात पालथी मांडली, ताट फिरवलं. ज्यानं त्यानं एक उचलायचं आणि उभं राहून मोठ्यानं वाचायचं.

पहिले आप्पा उठले. निवृत्त हवालदार, झुपकेदार मिशा, सहा मुलांचे बाप. खड्या आवाजात वाचलं — मूल नसलेल्या बाईला देव लेकरांची आनंदी आई करील! मंडळी हसली. मग आनंदीबाईनं वाचलं. तेच! मग पाळकीणबाईंनी. तेच! मग आमच्या ह्यांनी, मान खाली घालून. अख्खं पुडकं एकाच वचनाचं!

पाळकसाहेब म्हणाले, "देव चुकत नाही." छापखान्याबद्दल काही बोलले नाहीत.

माझा नंबर आला तेव्हा कुणी हसेना. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, घरात पाळणा नाही, हे चर्चच्या बाकांनासुद्धा ठाऊक. नेमकं हेच वचन मी किती वर्षं मागत होते! मिळालं ते असं, रांगेतल्या रॉकेलसारखं, सगळ्यांबरोबर. मी वाचलंच नाही. खाली बसले.

गोदूबाईंनी मात्र दोनदा वाचलं. सत्तरी उलटलेली विधवा, मूल ना बाळ, मागे ना पुढे कुणी, चर्चच्या मागच्या खोपटात एकटी राहते. कार्ड पोलक्यात ठेवून दिलं. मागचे बाक हसून हसून हलत होते.

३ जानेवारी

उपासनेनंतर आप्पांनी हात वर केला. "माझं वचन बदलून मिळेल का? आमची ही साठीची आहे." पाळकसाहेब म्हणाले, वचन म्हणजे दुकानातली चप्पल नव्हे. आप्पा खाली बसले. काळजीत दिसले.

१२ जानेवारी

आनंदीबाई ब्लाऊजपीस शिवायला घेऊन आली. कापडाच्या घडीत तिचं कार्ड! "मला पाच झाली, पुरे. तू घे हो दमयंती. तुला जास्त लागेल." मी माप घेतलं.

२० जानेवारी

आता सगळेच आणून द्यायला लागलेत. पाळकीणबाईंनी पाकिटात घालून दिलं, वर गुलाबाचं फूल. एकानं तर एसटीच्या कंडक्टरबरोबर पालीहून पाठवलं! शिलाई मशीनचा खण भरला. शेजारची शमीम म्हणाली, "कसली पत्रिका वाटताव? लगीन हाय काय?"

लाज लाज वाटते. माझं दुःख माझं होतं. आता त्याची वर्गणी गोळा होतेय.

२१ जानेवारी

एकट्या गोदूबाईंनी दिलं नाही. आनंदीबाईनं समजावलं म्हणे, "तुम्हाला या वयात काय करायचंय? त्या बिचारीला द्या." तर म्हणाल्या, "माजा हाय. देवान माज्या हातात दिलान. मी देनार नाय."

हट्टी म्हातारी!

१९ फेब्रुवारी, शुक्रवार

उपास-प्रार्थना, माझ्या घरी. विषय — माझं पोट. आप्पांनी डोळे मिटून माझ्या गर्भाशयाला हवालदाराच्या आवाजात हुकूम सोडला. खिडकीबाहेर रिक्षावाला थांबून ऐकत होता. उपास सोडायला सगळ्यांनी माझे पोहे खाल्ले.

सगळे गेल्यावर मशीनवर डोकं टेकून रडले. देवा, हे वचन तू दिलंस की छापखान्यानं, एवढं तरी सांग. तू दिलं असशील तर मी धरून बसेन, कितीही हसू दे लोकांना. पण तू दिलंस का?

४ एप्रिल, पुनरुत्थानाचा रविवार

आप्पांनी साक्ष दिली. तीन वर्षं भाकड असलेली त्यांची गाय व्याली! वचन पूर्ण झालं म्हणून अख्ख्या मंडळीला पेढे. सगळे "हालेलुया" म्हणाले. मीही म्हटलं.

गाईचं ऐकलं. माझं नाही. पेढा मात्र चांगला होता.

१५ जून

गोदूबाई आज पुन्हा पोलकं उसवून घेऊन आल्या. मागच्याच आठवड्यात शिवून दिलेलं! मला वाटतं, घरी बसून स्वतःच टाके काढतात. पोलकं निमित्त. येतात, पाटावर बसतात, मला ओरडतात. "जेवलीस काय गो? केस बघ कसे झालेत. तेल नाय घरात?" मी म्हटलं, मला कामं आहेत. तरी चहा होईपर्यंत हलल्या नाहीत.

७ जुलै

दोन महिने झाले, आलेली नाही. लिहायलाही हात धजत नाही. देवा!!

९ जुलै

ह्यांना सांगितलं. एसटी डेपोत कामावर जाताना हे दारातून परत आले आणि पाण्याची कळशी माझ्या हातातून काढून घेतली.

१३ जुलै

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वय झालं. काहींची पाळी लवकर जाते. आता यायचीच नाही.

संपलं.

१८ जुलै

आनंदीबाईला सांगावंच लागलं, वचनाच्या भरवशावर बारशाचं झबलं शिवायला घेतलं होतं तिनं. वाटलं, आता तरी सोडतील. छे! उपासनेत आनंदीआनंद. "आता तर माणसाकडून काही शक्यच नाही, आता देवाचं काम दिसेल!" पाळकसाहेबांचा चेहरा उजळला. मी उठून बाहेर आले.

मागून गोदूबाई. मला वाटलं, ह्याही काही तरी चमत्काराचं बोलणार. चिखलात शेजारी उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "रड." रडले. मग पदरानं माझं नाक पुसलं, शेंबड्या पोरीचं पुसतात तसं. आणि वर मलाच ओरडल्या — "पावसात छत्री नाय आनलीस!"

घरी येऊन खणातली सगळी कार्डं चुलीत घातली. माझंही.

२ सप्टेंबर

गोदूबाईंना ताप. पेज नेऊन दिली. म्हणाल्या मीठ कमी. दुपारी मीठ घालून नेली. म्हणाल्या जास्त झालं. उद्या नेणार नाही.

३ सप्टेंबर

नेली.

११ ऑक्टोबर

खोपटाचं छप्पर गळतंय म्हणून गोदूबाईंना घरी आणलं. चार दिवस, असं मी ह्यांना सांगितलं होतं. त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्या मसाल्याच्या डब्यांची जागा बदलली!

१४ नोव्हेंबर

छप्पर कधीच शाकारून झालं. कुणी विषय काढत नाही. आज बांगड्याच्या तिखल्यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. माझ्या हातचं तिखलं खाऊन हे गप्प बसले, आणि म्हातारीचं खाऊन बोटं चाटली. मेले दोघं!

२८ डिसेंबर

पहाटे गोदूबाई न्हाणीत पडल्या. सरकारी दवाखान्यात आणलं. खुबा मोडलाय, ऑपरेशन करावं लागणार. पाळकसाहेब, आप्पा, आनंदीबाई, सगळे व्हरांड्यात. नर्सनं विचारलं, "पेशंटचं जवळचं कोण आहे?" एकमेकांची तोंडं बघायला लागले.

"मी," म्हटलं. "मुलगी."

गोदूबाईंनी डोळे उघडले नाहीत. फक्त माझं मनगट घट्ट धरलं आणि पुटपुटल्या, "हलू बोल गो. पाळकान ऐकलान तर साक्ष द्यायला उभी करील."