अकरा आऱ्यांचं चाक

अमडापूर, बुधवार

चिरंजीव रामरावास,
थोरली बहीण झुंबरबाई हिचा आशीर्वाद. इकडे समदे खाऊनपिऊन ठीक. तुह्ये गुडघे कसे आहेत ते कळव. (दुखत असतील तर चांगलंच, माणूस घरी सापडते.) फोन केला नाही, कारण फोनवर तू मधीमधी बोलतो. कागद मुकाट ऐकून घेते.

दोन सालाआधी पुतणीच्या लग्नात तू चारचौघांत बोलला, का बाईचा हात लागला का चाक वाकडं होते. तवा माह्या तोंडात जिलेबी होती म्हणून गप बसली. आता तोंड रिकामं आहे. तुह्या मदतीबिगर मी अख्खं चाक उभं केलं, हे सांगाले हे पत्र.

आमचं पाणी ओढाचं डिझेल इंजिन तुले माहीत आहे, लाकडी चाकांच्या गाड्यावरचं. गाडा आपल्या बाबानं केला होता. (आठवण म्हणून जपून राह्यली असं समजू नको. बाबाची आठवण ठेवाले त्याच्या शिव्या पुरतात.) यंदा शिवारातली डीपी जळाली, विजेचे पंप बंद पडले, त्याले वीस दिवस झाले. हरभरा फुलावर, पाण्यावाचून माना टाकून राह्यला. इंजिन काढाले गेली तर एका चाकाचे आरे उधईनं खाल्लेले, बोट दाबलं का भुसा. हिंमतराव (माहा लेक, नाव ठेवताना आमची चूक झाली) म्हणे, आई, भंगारातल्या मोटारीचे रबरी चाकं लावू. मी म्हटलं, रबरावर इंजिन नाचते, पट्टा निसटते आन् पाणी राहते विहिरीत. लाकडी चाक मातीत बुड टेकून बसते, लेका, तुह्यावानी. तर त्यानं दुसरीच अक्कल काढली. लोणारकडच्या एका हॉटेलवाल्याले इंजिन अंगणात मांडाले पाहिजे, त्याच्यावर लायटिंग सोडून लोक फोटो काढतील म्हणे. जित्या इंजिनाले हार घालाची तयारी! मग आमची पैज लागली. सोमवारपर्यंत इंजिन आपल्या चारी लाकडी चाकांवर विहिरीवर गेलं आन् पाणी दिलं तर ते घरी राहीन, नाही तर ते हॉटेलात जाईन.

चिखलीहून गोपाल मिस्त्री बोलावला. तो सोफे करते. पोरगं मोठं श्रद्धाळू. चाक केलं सागाचं, पालीश मारलेलं, तोंड दिसे इतकं. मी मोजले तर आरे अकरा! म्हटलं, बाराव्यानं काय घोडं मारलं बे? तर म्हणते, आजी, सम आकडा शुभ नसते, अकरा म्हणजे शगुन. आता घेराचे तुकडे सहा, एकेका तुकड्याले दोन-दोन आरे लागतात, हे आपल्या घरची कोंबडीही सांगीन. एक तुकडा एकाच आऱ्यावर तंगडी वर करून उभा. म्हटलं, भाऊ, हे चाक आहे, आहेराचं पाकीट नाही. मग त्याचा शगुन मी उपसला, बाभळीचे आरे आणवले, तासून घेतले. सुताराचा वाकस हातात धरला, पदर खोचला आन् बारावा आरा मी सोता ठोकला. चाक वाकडं झालं नाही. लिहून ठेव.

चाकाच्या घेरावर चढवाची लोखंडी धाव वेल्डिंगवाल्याकून सांधून आणली. दोरी धरून मापलेली, चाकाएवढीच, सूतभर कमी नाही, सूतभर जास्त नाही. अंगणात गोल गोवऱ्या रचल्या, धाव लालभडक केली. इतक्यात शेजारची मंजुळाबाई आली. गोल जाळ पाहून तिनं तांब्या भरून आणला आन् पाण्याची धार सोडत फेरे घालाले लागली! काऊन वो, म्हटलं, पौषात होळी? म्हणे, तुमच्या घरी पेटली म्हणून मले वाटलं पंचांगात काही बदललं. तिले बाजूले केली, चिमट्यानं धाव उचलून चाकावर बसवली, वरतून बादल्या ओतल्या. चर्र झालं, वाफ निघाली, हिंमतराव पाहतच राह्यला. तर कळलं का, बाईच्या हाताचं चाक उभं आहे. तुह्यी गरज पडली नाही, पडणार नाही.

भावजयीले आशीर्वाद. तिनं तुले सांभाळलं, तिचं दुखणं मले समजते.

झुंबरबाई

ता. क. चाक विहिरीकडे दहा पावलं गेलं. मग धावेनं आपलं नाव खरं केलं. निसटून उतारानं जी पळाली ते मंजुळाबाईच्या मेथीच्या वाफ्यात जाऊन निजली. मी म्हटलं, हिच्याच पाण्यानं वाटोळं केलं. मंजुळाबाईनं मान्यही केलं, गरीब बाई आहे.

ता. क. दुसरी : पाण्यानं नाही झालं. बाबा धाव चाकापेक्षा काही बोटं कमी ठेवे, मग तापवून वाढवे, हे मले जेवताना आठवलं. किती बोटं, ते त्यानं तुह्या कानात सांगितलं होतं आन् मले गोवऱ्या आणाले पाठवलं होतं. तेवढा आकडा लिही. बाकी मी करीन.

ता. क. तिसरी : तुह्या उत्तराचं टपाल सोमवारच्या आत येत नाही. आन् बोटं बाबाची, का तुह्यी, का माह्यी, हेही समजणार नाही. शनिवारच्या येष्टीनं बोटं घेऊनच ये.