लाल दाण्याचं दूध

४ डिसेंबर
देवगाव फाट्याजवळच्या उंदरांच्या शेडवर आज कामाला लागले. लय बरं वाटलं. सावलीतलं काम. पिंजरे धुवायचे, दाणा टाकायचा. उंदरांवर औषधं तपासनाऱ्या राजेश्री मॅडम म्हनल्या, अंगात चरबी कशी धरती ते बघायलोत. चरबीचं एक बीज असतं, जीन म्हनतात त्याला. लाल दाण्यातल्या औषधानं ते बंद पडतं. मग उंदीर कितीबी खाऊ द्या, अंगाला लागत न्हाई. मला हसू आलं. खाऊ घालून वाळवायचं, हे नवीनच!

९ डिसेंबर
उरलेला लाल दाणा जाळायचा म्हने. मक्यासारखा वास येतो त्याला. माझ्यानं जाळवंना. पिशवीत भरून घरी आनला, शेळीला घातला. लेक शालू पहिल्या बाळंतपणाला आलीय. तिला दूध न्हाई, नातू शेळीच्याच दुधावर हाय. पोरगं गुटगुटीत करूनच सासरी धाडायचं. न्हाईतर तिची सासू धुरपताबाई गावभर मला नावं ठेवंल.

२० डिसेंबर
शेळी दिवसभर खायलीय अन् बरगड्या वर आल्यात. नातू बाटली संपली की बोंबलतो. गाल बसले. धुरपताबाईनं फोनवर विचारलं, दूध तुमीच पिता का विहीनबाई? मी फोन आपटला.

२७ डिसेंबर
सेलूच्या डॉक्टरनं मलाच झापलं, लेकराला उपाशी ठेवता का म्हनून. येताना एसटीत डोक्यात उजेड पडला. दाणा. शेळी. दूध. म्या माझ्या हातानं—

२९ डिसेंबर
मॅडमला सगळं सांगितलं, पाया पडले. रागावली न्हाई. डोळे चमकले तिचे. दाणा तोडला की उंदीर परत अंगानं भरतात का, म्या विचारलं. भरतात म्हनली. पन इतक्यात तोडू नका बायनाबाई, आधी नातवाला घेऊन या, वजन करू.
घरी येऊन दाणा चुलीत घातला.

२ जानेवारी
शेळीचं दूध बंद केलं. नातू दुसरं दूध थुंकतो. हातपाय गार. शालू त्याला माझ्या हातात देईना—

४ जानेवारी
माझ्या मागं मॅडम घरी येऊन गेली. लाल दाण्याचं पोतं ठेवून. शालू म्हनती, ती शिकलेली हाय आई, तूच येडी. तिनं तोच दाणा शेळीला घातला, त्या दुधाची बाटली लावली की पोरगं गप—

५ जानेवारी
दारात गाडी. मॅडम बाहेरून गोड बोलायलीय. लेकराला शेडवर नेऊन ऊब देऊ म्हनती, लागंल तेवढं पाजू म्हनती. मी दाराला पाठ लावून बसलेय. शालूनं त्याला दुपट्यात गुंडाळलंय. सरक आई, इथं तूच मारायलीस त्याला.
म्या?
पोरगं रडायचं थांबलं. दाराकडं बघायलंय. शालूचा हात माझ्या डोक्यावरून कडीला—