गाळलेली ओळ

२ फेब्रुवारी

टक-टक-टक, टक-टक-टक. आज साठ-पासष्ट वर्षांनी तो आवाज कानात आला आणि एकटाच हसलो. लहानपणी वडिलांना हिवताप भरला की त्यांच्या दातांचा आणि खाटेच्या पायांचा असा एकच ठेका लागे. आई होती नव्हती तेवढी पांघरुणं घाली आणि वर वजन म्हणून मला बसवी. त्या ठेक्यावर मी पाठांतराच्या कविता म्हणायचो. वृत्त कसं चपखल बसायचं! तिजारी होती ती. आलेला दिवस धरून तिसऱ्या दिवशी, जावयासारखी हक्काने परत यायची. कडू गोळ्यांनी वडील वाचले.

आठवण झाली ती नव्या नोकरीमुळे. हिवतापावरच्या नव्या गोळीची माणसांवर चाचणी करणारं हे केंद्र. पांढऱ्या भिंती, फिनेलचा वास, खिडक्यांना दुहेरी जाळ्या. मुख्य डॉक्टरीणबाई माझी सातवीतली विद्यार्थिनी. तिने पायांना हात लावून सांगितलं की मास्तर, ज्यांना वाचता येत नाही त्यांना संमतिपत्र वाचून दाखवायचं आणि साक्षीदार म्हणून खाली सही करायची. पदरचं काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही. तुमचा आवाज मला अजून ऐकू येतो, म्हणाली. निवृत्तीनंतर प्रथमच मी सदऱ्याला इस्त्री केली.

५ फेब्रुवारी

वाचनाची खोली छान आहे. टेबल, दोन खुर्च्या, बाकं, समोर कोरी भिंत.

संमतिपत्र मात्र भयंकर. बारा पानं, आणि एका वाक्याला लय असेल तर शपथ! मी जमेल तिथे यती घेत, थोडं घोळवत वाचलं. एक गोष्ट इथे प्रामाणिकपणे लिहून ठेवतो. सहाव्या परिच्छेदातली एक ओळ मी वाचली नाही. ‘लघवी काळसर झाल्यास गोळी तत्काळ थांबवून कळवावे, अन्यथा मृत्यू संभवतो.’ समोर बायामाणसं बसलेली, तिथे असले शब्द माझ्या तोंडून निघेनात. शाळेतही कवितेत ओंगळ ओळ आली की मी ती गाळूनच शिकवत असे, कुणाचं काही अडलं नाही.

चाचणीला आलेल्यांना इथे नावं नाहीत, नंबर आहेत. सतरा नंबर मजेदार गृहस्थ आहे. दुकानांच्या पाट्या रंगवतो, आणि वाचता एक अक्षर येत नाही! अक्षरं म्हणे तो चित्रासारखी उतरवतो. आजवर एकही काना चुकलेला नाही, आणि एकाही पाटीवर काय लिहिलंय ते ठाऊक नाही. त्याने नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवलं. म्हणाला, ही फार देखणी दिसते, काय म्हणते? मी म्हटलं, काळजी घ्या म्हणते. तो खूश झाला. अंगठा उठवला. मी खाली सही केली.

८ फेब्रुवारी

आज सगळ्यांना डास चावू दिले. जाळीचं झाकण लावलेला कागदी पेला, आत पाच माद्या, पेला हातावर पालथा धरायचा आणि दहा मिनिटं गप्प बसायचं. मुद्दाम ताप आणायचा आणि मग गोळीने उतरवायचा, अशी ही रीत. सतरा नंबर सिस्टरला म्हणाला की घरी बायको याहून जास्त चावते. सिस्टरच्या हातून पेला निसटता निसटता राहिला.

रोज सकाळी हजेरी मी घेतो. नंबर पुकारतो, ते ‘हजर’ म्हणतात. जुने दिवस परत आल्यासारखे वाटतात.

२० फेब्रुवारी

परवा सगळ्यांना ताप भरला होता. वॉर्डभर तोच ठेका. आज गोळीने सगळ्यांचा ताप उतरला, डॉक्टरीणबाईच्या डोळ्यांत पाणी. जगात दर वर्षी किती पोरं वाचतील मास्तर, म्हणत होती. उरलेल्या गोळ्या देऊन सगळ्यांना घरी सोडलं.

२२ फेब्रुवारी

सतरा नंबर फाटकाशी भेटला. रंग थोडा उतरलेला. त्याने हसत हसत काहीतरी चावट सांगितलं: मास्तर, आजकाल कोऱ्या चहासारखी होते, बहुतेक डब्यातला रंगच पोटात गेला असणार. मला कसंसंच झालं. मी विषय बदलला, त्याला पाटीवरच्या अक्षरांबद्दल विचारलं. तो बराच वेळ बोलला.

घरी येईपर्यंत ती ओळ आठवली नाही.

आठवली तेव्हा पत्ता ठाऊक नव्हता. सकाळी सांगू म्हटलं.

२३ फेब्रुवारी

सतरा नंबर पहाटे गेला. सगळे म्हणतात, जुना काही आजार लपवला असणार. डॉक्टरीणबाईने माझ्यासमोर त्याचं संमतिपत्र काढून पाहिलं. सहावा परिच्छेद आहे, अंगठा आहे, माझी सही आहे. मग त्याने सांगितलं का नाही, असं ती स्वतःशीच म्हणत राहिली.

उद्या सांगतो.

२५ फेब्रुवारी

हजेरी. पहिली तुकडी रक्त तपासायला परत आली होती. सवयच ती. सोळा म्हटलं, आणि ओघात सतराही म्हटलं. जीभ चावणार तोच मागच्या बाकावरून ‘हजर’ आलं. दात वाजत असताना माणूस बोलेल तसं.

सिस्टर म्हणाली कुणीच काही बोललं नाही. मास्तर, कान तपासून घ्या.

२७ फेब्रुवारी

तिसरा दिवस.

वाचनाच्या खोलीतल्या भिंतीवर अक्षरं आहेत. पाटीवर असतात तशी, सुरेख, एकसारखी. चहाच्या रंगाची, ओली. ‘लघवी काळसर झाल्यास’. एवढंच. सफाईवाल्या मावशींनी फडक्याने पुसून टाकलं आणि मलाच झापलं की शाळा सुटली तरी भिंती रंगवायची खोड काही जात नाही. काय लिहिलं होतं, त्यांना वाचता येत नाही.

बरं झालं.

१ मार्च

पुन्हा. ‘गोळी तत्काळ थांबवून कळवावे’. मावशी रजेवर. मीच पुसलं. हाताचा वास जात नाही.

दुसरी तुकडी येते आहे. आठजण. डोस वाढवलाय. त्यांना मीच वाचून दाखवायचं आहे.

टक-टक-टक. टेबलाखालून. माझे पाय नव्हेत. मी हातांनी धरून पाहिले.

३ मार्च

चौकशी समिती. तिघेजण. एवढंच विचारलं की प्रत्येक शब्द वाचला होतात का. खरं सांगितलं असतं तर दुसरी तुकडी थांबली असती. डॉक्टरीणबाई माझ्याकडे पाहत होती, सातवीत पाहायची तशी.

मी म्हणालो, हो.

त्यांनी लिहून घेतलं. मी सही केली. मागे कुणीतरी हळू ‘हजर’ म्हणालं.

भिंतीवर आता एकच शब्द. ‘अन्यथा’. त्यापुढे जागा सोडलीय. मोजून दोन शब्दांची.

पुसलं जात नाही.

५ मार्च, सकाळी सात

तिसरा दिवस. लवकर येऊन वाचनाच्या खोलीत बसलोय. ठरवलंय. आज अक्षरन् अक्षर वाचणार. मग डॉक्टरीणबाईला सगळं—

संमतिपत्रं कपाटात आहेत, सिस्टर अजून किल्ल्या घेऊन आली नाही. तेवढ्यात लिहून घेतो.

दार वाजतंय. सिस्टर असेल. पण ती कधी असं, तीन-तीनदा—

सिस्टर नाही. एक बाई. ओळखलं नाही मी. म्हणते, सतरा नंबरची मी घरवाली. त्यांच्या जागी आलेय. डॉक्टरांनी घेतलंय दुसऱ्या तुकडीत. त्यांचाच काहीतरी जुना आजार होता म्हणतात, गोळीचा काय दोष? त्यांनी सांगितलं होतं म्हणे, मास्तर फार गोड वाचतात, काळजी घ्या म्हणतात. हातात बारा पानं. अंगठ्याला शाई आधीच लागलीय. शाई नव्हे. चहाच्या रंगाची—

तिला म्हटलं बस, एवढं लिहून होऊ दे. बसली. शांत आहे. दात वाजत नाहीत तिचे.

मग तिच्या मागे, दारात—

सहावा परिच्छेद काढलाय तिने. त्याच ओळीवर बोट. मला म्हणते, हे म्हणतात आता पुरतं वाचा. हे कोण ते विचारवत नाही. वाचतो. मोठ्याने. वाचता वाचता लिहितो, म्हणजे गाळलं असं कुणी— लघवी काळसर झाल्यास गोळी तत्काळ थांबवून कळवावे. वाचलं. निघाले शब्द. पण पुढचा— भिंतीवर कुंचला चालल्याचा आवाज येतोय, माझी जीभ— दात थांबत नाहीत माझे— अन्यथा— अन्यथा—